मणक्याच्या फ्यूजन ऑपरेशननंतर पुन्हा आपलं आपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांत घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करताना मणक्याचं ऑपरेशन झालेली माणसं आणि त्यांच्या घरचे जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं कंबरेच्या फ्यूजनला धरून दिली आहेत. मानेचं झालं असेल तर आधी प्रश्न २० वाचा. आठवडे-महिने सर्वसाधारण आहेत. तुमच्या सर्जननी डिस्चार्ज कार्डावर वेगळं लिहिलं असेल तर तेच धरून चला, कारण किती मणके जोडले, हाड किती भक्कम आहे, यावर हिशेब बदलतो.

१. स्क्रू आणि रॉड बसवले, म्हणजे मणका जुळला ना? मग आता कसलं पथ्य?

जुळायला सुरुवात झाली आहे, इतकंच. फ्यूजनमध्ये दोन किंवा जास्त मणक्यांच्या मध्ये हाडाचे बारीक तुकडे, म्हणजे ग्राफ्ट, भरतात. ते हाड वाढून मणके एकसंध व्हायचे असतात. स्क्रू-रॉड हे स्लॅबच्या सेंटरिंगसारखे, काँक्रीट धरेपर्यंतचा आधार. सेंटरिंग नंतर काढतात, स्क्रू मात्र सहसा कायमचे आतच राहतात. हाड धरायला साधारण ३ ते ६ महिने लागतात, पुरतं भक्कम व्हायला वर्षही जातं.

घोळ इथेच होतो. टाके १०-१४ दिवसांत निघतात, दुखणं महिना-दीड महिन्यात बरंच उतरतं आणि माणसाला वाटतं, झालो बरा. हाड तेव्हा कच्चंच असतं. नेमक्या याच दिवसांत माणसं बादली उचलायला जातात.

२. नक्की काय करायचं नाही? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

तीन बंधनं: कंबरेतून वाकायचं नाही, कंबर पिळायची नाही, वजन उचलायचं नाही. पहिल्या ६ आठवड्यांत वजनाची मर्यादा साधारण ४ किलो, काही सर्जन २ किलोच सांगतात. १० लिटरची भरलेली बादली १० किलो असते आणि घरचा भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास. ढकलणं-ओढणं हेही वजनच धरा: गंजलेलं लोखंडी गेट, दुकानाचं शटर, विहिरीचा रहाट.

मागून कुणी हाक मारली तर पाय हलवून अख्खं अंग वळवा. खाली पडलेलं काही घ्यायचंच असेल तर पाठ सरळ ठेवून, एका हाताने टेबल किंवा खांब धरून, गुडघ्यांतून खाली जा. पायांत तेवढी ताकद नसेल तर वस्तू तिथेच राहू द्या आणि कुणाला तरी सांगा.

३. कुठल्या लक्षणांवर लगेच धावायचं?

लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आत आणि बसायच्या जागेवर बधिरता आली, पायातली ताकद झपाट्याने कमी झाली, तर तासभरही थांबू नका. छातीत दुखणं किंवा एकाएकी दम लागणं हेही तसंच. १०८ ला फोन करा आणि मणक्याचं ऑपरेशन झालंय हे पहिल्याच वाक्यात सांगा.

त्याच दिवशी सर्जनना कळवायच्या गोष्टी: ताप, जखम लाल होऊन गरम लागणं किंवा त्यातून पू येणं, एका पायाची पोटरी सुजून दुखणं. पाण्यासारखा पातळ स्राव येत असेल आणि उठून बसलं की डोकं दुखून आडवं पडलं की थांबत असेल, तर मणक्याभोवतीचं द्रव गळत असण्याची शक्यता असते. हे लक्षण लोक 'अशक्तपणा' म्हणून घालवतात, म्हणून वेगळं लिहिलं.

४. पडून विश्रांती घ्यायची की चालायचं?

चालायचं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत चालण्याइतका चांगला व्यायाम नाही. पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो, पोट साफ राहतं, झोप लागते. सुरुवात घरातल्या घरात ५ मिनिटांनी, पण दिवसातून पाच-सहा वेळा. सोप्यापासून (ओसरीपासून) स्वयंपाकघरापर्यंतच्या फेऱ्याही चालतात. मग दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवत सहाव्या आठवड्यापर्यंत एका वेळी २०-३० मिनिटं जमली तर उत्तम. चालून आल्यावर थोडं दुखलं आणि तासाभरात उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखत राहिलं तर आदल्या दिवशी जास्त झालं, एक पायरी मागे या.

जिन्यावर चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या पायऱ्या उंच असतात आणि बाजूला धरायला काही नसतं. ऑपरेशनपूर्वीच तिथे एक पाईप बसवून घ्या.

५. अंथरुणातून उठताना जीव जातो. काय चुकतंय?

बहुतेक जण पाठीवरून सरळ उठून बसायला जातात. तसं उठू नका. आधी दोन्ही गुडघे दुमडा. खांदा आणि कंबर एकाच वेळी फिरवत, ओंडका लोटावा तसे कुशीवर या. कॉटच्या कडेजवळ या. पावलं कडेखाली सोडा आणि त्याच क्षणी खालच्या हाताचं कोपर नि वरच्या हाताचा तळवा गादीत दाबून धड वर आणा. पाय खाली जातात तसं धड वर येतं, कंबर मध्ये कुठेच मुडपत नाही. मग मिनिटभर बसा, चक्कर नाही ना बघा आणि उभे राहा. झोपताना हेच उलट क्रमाने.

घरच्यांनी हात धरून ओढू नये. ओढलं की पाठ पिळली जाते. पाठीमागे नुसता हात ठेवून उभं राहिलं तरी पुरतं. कॉट गुडघ्याच्या उंचीची हवी, गादी कापसाची घट्ट. जमिनीवरचं अंथरूण पहिले तीन महिने नको. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, पाठीवर झोपताना गुडघ्यांखाली. खोकला-शिंक येताना उशी पोटाशी घट्ट धरा.

६. शौच आणि आंघोळ स्वतःची स्वतः कधीपासून? हीच लाज सगळ्यात मोठी आहे.

बहुतेकांना पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच जमतं, फक्त न्हाणीत चार बदल लागतात.

भारतीय पद्धतीच्या संडासावर सुरुवातीचे महिने बसू नका. उकिडवं बसताना कंबर पूर्ण मुडपते. पाश्चात्त्य कमोड नसेल तर मध्ये भोक असलेली कमोडची खुर्ची मिळते, ती आहे त्या भांड्यावर ठेवता येते. कमोड आहे पण बुटका आहे, तर वर बसवायची उंच सीट मिळते. धुताना मागे हात नेऊन कंबर पिळली जाते, म्हणून जेट स्प्रे लावून घ्या आणि पुढून, मांड्यांमधून हात घालून धुवा. हे कुणी विचारत नाही, कुणी सांगतही नाही, आणि त्यामुळे माणसं शौचाला जायचंच टाळतात. मग बद्धकोष्ठता होते, कुंथावं लागतं, पाठ अधिक दुखते. वेदनेच्या काही गोळ्यांनीही पोट बांधलं जातं. पाणी, पेज, पालेभाजी आणि गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेलं रेचक, हे पहिल्या दिवसापासून.

जखमेवर पाणी घ्यायची परवानगी सर्जन देतील त्या दिवसापर्यंत अंग पुसून घ्या. नंतर रबरी टोकं असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आंघोळ करा. बादली जमिनीवर न ठेवता समोर दुसऱ्या स्टुलावर ठेवा. ती भरून द्यायची घरच्यांनी, पाणी अंगावर घ्यायचं तुम्ही. गुळगुळीत लाल सिमेंटच्या जमिनीवर जाळीची रबरी चटई हवीच. पाय आणि पाठ धुवायला लांब दांड्याचा ब्रश. दाराला आतून कडी लावू नका.

७. किती वेळ बसायचं? जमिनीवर पाटावर कधी?

सुरुवातीला एका वेळी २०-३० मिनिटं, मग उठून फेरी. बसण्याने कंबरेवर उभं राहण्यापेक्षा जास्त ताण येतो, हे बऱ्याच जणांना नवं वाटतं. खुर्ची घट्ट, हातांची आणि गुडघ्यांच्या उंचीची हवी. सोप्यावरची आरामखुर्ची आणि खोल रुतणारा सोफा नकोच.

जमिनीवर मांडी घालून बसणं साधारण सहा महिन्यांनी, एक्स-रे पाहून सर्जननी होकार दिल्यावर शिकायला घ्यायचं. मांडीपेक्षाही खाली जाणं आणि परत उठणं कठीण असतं, त्याचा सराव वेगळा करावा लागतो. दोनच मणके जोडले असतील तर पुष्कळांना जमतं. तीन-चार मणके असतील तर प्रश्न २१.

८. चड्डी, पँट, चप्पल कशी घालायची?

कॉटवर बसून, लांब चिमट्याच्या काठीने कपड्याचा कमरबंद धरून पावलांपर्यंत न्यायचा. दुखरा पाय आधी आत, काढताना शेवटी बाहेर. नऊवारीपेक्षा गाऊन किंवा सलवार काही दिवस सोपी. पायात मागे पट्टा असलेली चपटी सँडल घाला. रबरी स्लीपर घसरते आणि ती पायात टिकवायला बोटं आवळून चालावं लागतं.

९. बेल्ट दिलाय. घामाने पुरळ उठतं. काढला तर चालेल?

आपल्या दमट हवेत हे व्हायचंच. आत सुती बनियन घाला, ती दिवसातून दोनदा बदला आणि पुरळ असलेल्या जागी मलम थापण्यापेक्षा ती कोरडी ठेवा. बेल्ट केव्हा काढायचा, झोपताना लागतो का, हे सर्जननाच विचारा. काही सर्जन बेल्ट देतच नाहीत, म्हणून शेजाऱ्याच्या बेल्टवरून आपला हिशेब करू नका. बेल्ट लावला म्हणजे वजन उचलायला मोकळीक मिळाली, असं होत नाही.

१०. घरचे काहीच करू देत नाहीत. अगदी पाण्याचा पेलाही हातात आणून देतात.

हा प्रश्न निम्म्या घरांत येतो, आणि मला वाटतं बरं होण्यातला सर्वात मोठा अडथळा हाच आहे. डॉक्टरांनी घातलेली बंधनं तीनच आहेत. बाकीची मायेपोटी घरच्यांनी घातलेली असतात, आणि दोन्ही एकच आहेत असं हळूहळू आजाऱ्यालाही वाटू लागतं.

माशेलच्या एका घरात सासूबाई ऑपरेशननंतर पाचव्या आठवड्यात होत्या. चालणं चांगलं होतं, टाके सुकलेले. सून चहात साखर घालून, ढवळून, कप त्यांच्या हातात देत होती. मी सुनेला म्हटलं, "वहिनी, उद्या साखरेचा डबा नि चमचा फक्त ओट्यावर ठेवा." दुसऱ्या खेपेला गेले तर सासूबाई ओट्याशी उभ्या राहून मलाच चहा देत होत्या. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा मला स्वतःहून विचारलं, "मी मंदिरात कधी जाऊ शकेन?"

घरच्यांना एवढंच सांगते: काम अख्खं हिसकावून घेऊ नका, त्यातला वाकण्याचा, पिळण्याचा, उचलण्याचा भाग तेवढा घ्या. भाजी चिरायची त्यांनी, टोपली ओट्यावर ठेवायची तुम्ही. कपड्यांच्या घड्या त्यांच्या, बादली तुमची. काम हळू होईल. घाई झाली तरी मध्ये हात घालू नका.

११. स्वयंपाक कधीपासून?

उभ्याने होणारा हलका स्वयंपाक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, १५-२० मिनिटांच्या तुकड्यांत. ओट्याखाली एक बुटका पाट ठेवून एक पाय त्यावर, मग दुसरा, असं आलटून-पालटून उभं राहिलं की कंबर कमी भरून येते.

आपल्या स्वयंपाकातली खरी अडचण नारळ. आदोळीवर खाली बसून खोबरं खवणणं म्हणजे वाकणं, पिळणं आणि जोर लावणं एकदम. ओट्याच्या कडेला घट्ट बसणारी, हाताने फिरवायची खवणी घ्या किंवा चून (खवलेलं खोबरं) दुसऱ्या कुणाकडून खवणून घ्या. उकड्या तांदळाच्या भाताचं मोठं तोप उचलून पेज गाळू नका, पळीने काढा. रोजच्या वस्तू कंबर ते खांदा या पट्ट्यात आणून ठेवा. केर काढायला उंच दांड्याचा झाडू, आणि लादी पुसणं तीन महिने दुसऱ्याचं.

१२. मी एकटीच राहते. मुलगा जहाजावर, मुलगी लंडनला. जमेल का?

पहिले एक-दोन आठवडे रात्री सोबत लागेलच, तेवढं आधी ठरवा. त्यानंतर पुष्कळ जणींना जमतं, तयारी ऑपरेशनच्या आधी केलेली असेल तर. कॉट न्हाणीच्या जवळच्या खोलीत हलवा. चटया, सतरंज्या, वायरी वाटेतून काढा. न्हाणीच्या वाटेवर रात्रभर बारीक दिवा ठेवा. फोन गळ्यात अडकवायच्या पिशवीत. घराची एक चावी शेजारी द्या आणि सकाळी अमुक वेळेला तुम्ही खिडकी उघडता, न उघडली तर त्यांनी यायचं, असं बोलून ठेवा. कुत्रा असेल तर तुम्ही चालताना तो बांधलेला असावा. पायात घुटमळणाऱ्या जनावरामुळे पडण्याची मला जिन्याइतकीच धास्ती वाटते.

टाके तपासायला किंवा पट्टी बदलायला दर वेळी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) जावं लागतं का, हे सर्जनना विचारा. त्यांनी लिहून दिलं तर जवळच्या आरोग्य केंद्रातही होतं.

१३. पावसाळ्यात चालायला कसं जायचं?

अंगणातल्या शेवाळावर मुळीच जाऊ नका. सोप्यावर किंवा हॉलमध्ये फेऱ्या मारा, वेळ मोजून. काठीचं रबरी टोक झिजलं असेल तर बदला. पावसाळी हवेत अंग आखडल्यासारखं वाटतं, अशी तक्रार येते. त्यावर उपाय जास्त झोपण्याचा नसून फेऱ्यांची संख्या वाढवून प्रत्येक फेरी छोटी करण्याचा आहे.

१४. हाड लवकर धरावं म्हणून काय खायचं?

प्रथिनं, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. तारले, बांगडे यांत प्रथिनं आहेतच, ड जीवनसत्त्वही असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा अंडी, डाळी, उसळी, दूध वाढवा. नुसत्या खाऱ्या सुक्या मासळीवर भागवू नका, विशेषतः रक्तदाब असेल तर. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणं हेच जखमेचं सर्वात मोठं औषध आहे.

आणि तंबाखू बंद. सिगरेट, विडी, चघळायचा तंबाखू, मिश्री, सगळंच. निकोटीनमुळे नव्या हाडाला रक्तपुरवठा कमी पडतो आणि फ्यूजन न धरण्याचा धोका वाढतो. "फक्त दात घासायला मिश्री" म्हणणाऱ्या आज्यांना मी हात जोडून सांगते, त्यातलं निकोटीनही रक्तात जातं.

१५. गोळ्या कधी थांबवायच्या? हुर्राकचा हंगाम आहे, एखादा पेला चालेल?

ट्रॅमाडॉल, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन या दुखण्यावरच्या गोळ्यांपैकी काही चालू असताना हुर्राक, फेणी, बिअर, काहीच नको. दोन्ही मिळून गुंगी येते, तोल जातो, श्वासही मंदावू शकतो. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन एकदम थांबवू नका, डॉक्टर हळूहळू कमी करून देतात. फार्मसीतून मनानेच डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नका. या गटातल्या गोळ्या हाड जुळण्यात अडथळा आणू शकतात म्हणून बरेच सर्जन त्या टाळतात.

१६. स्कूटर, गाडी, बस: कशात कधी बसू?

चारचाकी चालवणं साधारण ६ आठवड्यांनंतर, गुंगीच्या गोळ्या बंद झाल्यावर आणि ब्रेक पूर्ण जोराने दाबता येतो याची उभ्या गाडीत खात्री केल्यावर. त्याआधी बसायचं तर पुढच्या सीटवर, पाठ थोडी मागे टेकवून. आधी बूड टेका, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या.

दुचाकी किमान तीन महिने नाही. खड्ड्यांचे धक्के थेट कंबरेत जातात आणि गाडी स्टँडवर चढवणं म्हणजे वजन उचलणंच. मागे बसायचं असेल तरी तेच, पायलटच्या (मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागेही. साडीत एका बाजूला पाय टाकून बसणाऱ्या बायकांनी एक लक्षात घ्यावं: त्या बसण्यात कंबर सगळा वेळ पिळलेली असते.

कदंब बसमध्ये पुढच्या चाकाच्या मागची, मधली सीट धरा. शेवटच्या रांगेत हादरे सर्वात जास्त. फेरीबोटीच्या ओल्या उतारावर कुणाचा तरी दंड धरून चढा.

१७. कामावर कधी जाऊ?

टेबलावरचं काम ४ ते ८ आठवड्यांनी, आधी अर्धा दिवस. दुकानात उभं राहण्याचं काम त्याहून थोडं उशिरा. ट्रक-बस चालवणं आणि ओझ्याचं काम तीन ते सहा महिने, आणि एक्स-रे पाहिल्याशिवाय नाहीच.

कुळागर (सुपारी-नारळाची बाग) असणाऱ्यांना हे पाळणं फार जड जातं, मला कळतं. सुपारी गोळा करणं, पाटाचं पाणी फिरवणं, मार्च ते मे काजूची बोंडं वेचणं, सगळं वाकूनच. ऑपरेशनची तारीख ठरवण्याची मोकळीक असेल तर हंगाम पुढ्यात ठेवून सर्जनशी बोला. पहिल्या वर्षी देखरेख तुमची, वेचणी मजुरांची, असा खर्च आधीच धरा.

१८. चवथ (गणेश चतुर्थी) आली आहे. पूजेला बसू?

खुर्चीवर बसून पूजा करा, चौरंग उंचावर मांडून घ्या. आरतीला उभं राहायला हरकत नाही, मध्ये टेकायला खुर्ची मागे असू द्या. मूर्ती उचलणं, माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास) बांधायला मान वर करून स्टुलावर चढणं आणि फुगडी या वर्षी नाही. विसर्जनाला नदीच्या निसरड्या पायऱ्यांवर उतरू नका, वरूनच हात जोडा. जत्रेच्या गर्दीचंही तसंच: धक्काबुक्की नसलेल्या वेळी देवदर्शन घ्या.

नातवंडाला उचलण्याबद्दलही याच दिवसांत विचारतात. तुम्ही खुर्चीत बसा, मूल चढून मांडीवर येऊ द्या. उभ्याने उचलणं बाळाच्या वजनावर आणि प्रश्न २ मधल्या मर्यादेवर ठरतं.

१९. शरीरसंबंधांबद्दल कुणाला विचारावं कळत नाही.

विचारा, लाजण्यासारखं यात काही नाही. झोपणं आणि चालणं फारसं न दुखता जमू लागलं, साधारण ६ आठवडे झाले आणि सर्जनची हरकत नसेल तर चालतं. ऑपरेशन झालेल्या व्यक्तीने पाठीवर किंवा कुशीवर असावं, हालचाल जोडीदाराने करावी. दुखलं तर थांबा. पोटाकडून ऑपरेशन झालेल्या काही पुरुषांत वीर्य बाहेर न येण्याची तक्रार होऊ शकते. मूल हवं असेल तर ती सर्जनना जरूर सांगा.

२०. माझं मानेचं झालंय. हेच सगळं लागू?

बरंचसं. फरक असे: समोरून ऑपरेशन झालं असेल तर काही दिवस गिळताना अडतं, आवाज बसतो. मऊ भात, पेज, छोटे घास घ्या. गिळणं वाढत्या क्रमाने अवघड झालं, गळा सुजला किंवा श्वासाला त्रास झाला तर प्रश्न ३ प्रमाणे लगेच. हात डोक्यावर नेऊन काम करू नका: उंच फळी, कपड्यांची दोरी. फोन मान घालून बघण्याऐवजी डोळ्यांच्या उंचीला धरा. कॉलर असेपर्यंत पायाखालचं दिसत नाही, त्यामुळे पायऱ्यांवर सोबत हवी. कॉलर घालून गाडी चालवायची नाही.

२१. बरेच मणके जोडलेत. पावलांपर्यंत हात जाईल का?

कदाचित कायमच कमी जाईल, आणि हे आधी कळलेलं बरं. अशा वेळी लांब चिमटा, लांब शूहॉर्न, उंच कमोड ही साधनं तात्पुरती न मानता घरात कायमची ठेवा. त्यांच्या मदतीने स्वतः तयार होणारा माणूस स्वावलंबीच आहे. वाकणं कंबरेऐवजी खुब्यातून करायला शिकता येतं. ते फिजिओकडून समोर उभं राहून शिका, व्हिडिओ बघून नको.

२२. पाय अजून बधीर आहे, पाऊल घासतं. ऑपरेशन फसलं का?

तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. दाबलेली नस मोकळी झाली तरी ती सावरायला महिने लागतात. पायातली कळ सहसा आधी जाते, बधिरता मागाहून, काही वेळा थोडी राहूनही जाते. पाऊल उचलत नसेल तर घोट्याला आधार देणारी पट्टी मिळते. ती सँडल किंवा बुटातच नीट बसते. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजलेलं कळत नाही. आधी चांगली असलेली ताकद आता कमी होत असेल तर मात्र वाट न पाहता प्रश्न ३.

२३. गावातले वैद्य मालिश करून देतो म्हणतात.

पाठीवर जोराने दाबणं, कडकड मोडणं, ट्रॅक्शन लावणं यांपैकी काहीही सर्जनच्या परवानगीशिवाय नको, कुणाकडूनही नको. पोटऱ्यांना तेल लावायचं असेल तर हलक्या हाताने, पोटरी सुजलेली नसेल तरच.

२४. दीनदयाळ कार्डावर होतं का? आणि विमानतळावर स्क्रू वाजतील?

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख, चार किंवा अधिक जणांना ४ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमची नेमकी शस्त्रक्रिया यादीत बसते का, हे दाखल होण्यापूर्वी इस्पितळातल्या योजनेच्या काउंटरवर विचारा आणि कार्डाचं नूतनीकरण झालंय का बघा. गोमेकॉत दाखवलं असेल तर सगळे कागद, जुने एमआरआयही, एकाच फाइलीत ठेवा.

दाबोळी असो वा मोपा, स्क्रू कधी वाजतात, कधी नाही. डिस्चार्ज कार्डाची प्रत जवळ ठेवा. टायटॅनियमचे स्क्रू असताना एमआरआय करता येतो, फक्त तंत्रज्ञाला आधी सांगायचं. लांबच्या प्रवासात तासाला एकदा उठून चाला.

२५. वर्ष झालं, एक्स-रे चांगला आहे, तरी वाकायची भीती जात नाही. बाबा अजून रुमालसुद्धा उचलत नाहीत.

भीती खरी आहे, तिला नावं ठेवू नका. आधी सर्जनकडून "आता बंधन नाही" हे बाबांच्या समोर, त्यांना ऐकू जाईल असं वदवून घ्या. फोनवर तुम्ही ऐकून त्यांना सांगितलेलं उपयोगी पडत नाही. मग टेबलावरची वस्तू घेणं, तिथून खुर्चीवरची, मग बुटक्या स्टुलावरची, शेवटी जमिनीवरची. एका पायरीवर आठवडाभर, रोज थोडा वेळ, सकाळी अंग मोकळं झाल्यावर. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते पाठीचं दुखणं समजून सोडून देऊ नका. फॅमिली डॉक्टरांना तेही सांगा, त्यावर उपचार आहेत. पहिल्या आठवड्याला तुम्ही शेजारी उभे राहा. वस्तू हातातून पडली तर ती तुम्ही उचलू नका.